दुधाची गाठ

वाडी, बडोदे
११ नोव्हेंबर १९९८

प्रिय अहल्याताई,

दिवाळीहून परतून आम्हाला अठरा दिवस झाले आणि पोचल्याचं चार ओळींचं कार्ड सोडलं तर मी तुला काही लिहिलं नाही. तू काळजीत असशील किंवा रागावली असशील. शिवांगी मजेत आहे. तू दिलेल्या चकल्या तिनं आठ दिवसांत संपवल्या आणि आता अंमळनेरच्या मावशीकडे राहायला जायचं म्हणून चपला घालून दारात बसते. यशराजांची पाळी बदलली, मकरपुऱ्याची कंपनीची बस आता सकाळी साडेसहालाच नाक्यावर येते. आईसाहेबांचे गुडघे थंडी पडल्यापासून कुरकुरताहेत. एवढं लिहून पत्र संपवता आलं असतं. आधीची तीन पत्रं मी तशीच संपवली आणि फाडून टाकली. फोन करायचंही मनात होतं, पण तुमचा फोन येतो तो खाली घरमालकांच्या बैठकीत. तिथं त्यांच्या घरच्यांसमोर उभी राहून तू 'हो, बरी आहे' यापलीकडे काय बोलणार होतीस?

शिवांगी झाली त्यानंतरच्या जानेवारीत मी तुला 'सर्व क्षेम' असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. आज ते सगळं सांगते. उभ्या उभ्या वाचू नकोस, बसून वाच.

तुला आठवतं, मी बाळंतपणाला तुझ्याकडे येणार होते. पण तुझ्या शर्वरीची बारावी होती, दोन खोल्यांत तिचा अभ्यास आणि माझं बाळंतपण जमलं नसतं, आणि आईसाहेबच म्हणाल्या, 'सून इथंच राहू दे, मी आहे.' त्यांनी काही कमी केलं नाही. डिंकाचे लाडू, शेपा-ओवा, शेक-शेगडी, न्हाऊ घालायला जमनाबाई. सून म्हणून केलं नाही, लेकीसारखं केलं. म्हणूनच पुढं मी जे केलं त्याची जास्त लाज वाटते.

शिवांगी बाविसाव्या दिवशी सर्दीनं नाक चोंदून बसली. एका बाजूला धड प्यायची, दुसऱ्या बाजूला दोन घोट घेऊन रडायची. शिवाय मी नवीन शिवलेला घट्ट ब्लाउज घालत होते आणि दिवसभर डाव्या कुशीवर पडून असायचे. हे सगळं नंतर डॉक्टरांनी विचारलं तेव्हा जुळलं. त्या दिवशी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मोरीत अंग पुसताना डाव्या छातीवर, काखेच्या बाजूला, बोटाला काहीतरी लागलं. चिंचोक्याएवढं, टणक. मी टॉवेल खाली ठेवला, पुन्हा चाचपलं. होतंच. जमनाबाई बाहेरून हाक मारत होत्या, 'बाई, गारठा लागेल, या बाहेर,' आणि मी पुन्हा पुन्हा तिथंच बोट फिरवत होते.

ताई, तुला वाटतं तुला सगळं माहीत आहे, पण एक गोष्ट मी तुलाही कधी सांगितली नाही. आई जाण्याच्या आदल्या वर्षी, तू अंमळनेरला होतीस आणि बाबा रेल्वेच्या ड्यूटीवर असायचे, तेव्हा नंदुरबारच्या क्वार्टरमध्ये आईजवळ मी एकटीच होते. वेणी घालून घेताना मी मागं रेलले की ती एकदम अंग चोरायची. एकदा मी विचारलं, आई, काय लागतंय तुला? ती हसली आणि म्हणाली, 'अगं, ती दुधाची गाठ आहे. तुला पाजताना राहिलेली.' मी बारा वर्षांची. मला वाटलं, मी नीट प्यायले नाही म्हणून राहिली. मी कोणाला बोलले नाही. तू आलीस, तिला अंघोळ घालायला गेलीस आणि मोरीतून पांढरीफटक होऊन बाहेर आलीस, तोवर सहा महिने गेले होते. ते सहा महिने मी गप्प होते. आई गेल्यावर तू मला जवळ घेऊन सांगितलंस, 'लोकांना विषमज्वर सांगायचा. उद्या तुझं लग्न व्हायचंय.' तू माझ्यासाठीच म्हणत होतीस. माझं स्थळ बघताना तूच सासरी तसं सांगितलंस, मीही मान हलवली. पिलाजीराव मामंजींनी हळहळून विचारलं होतं, किती दिवस होता ताप? तू म्हणालीस, एकवीस.

म्हणजे बघ, त्या मोरीत मी काय घेऊन उभी होते. मला बाळंतिणीच्या गाठी कुठं माहीत होत्या? मला एकच गाठ माहीत होती. आणि ती कशी आहे हे त्या घरात कुणाला सांगायची सोय नव्हती.

मग मी सगळ्यात मोठी चूक केली. मला वाटलं, या बाजूचं दूध विषारी असेल, ते लेकीच्या पोटात जाईल. मी तिला डाव्या बाजूला घेणं बंद केलं. उजवीकडेच पाजायची. दोन दिवसांत चिंचोक्याची सुपारी झाली. छाती दगडासारखी जड, हात वर केला की कळ. जमनाबाईंच्या हाताला ते लगेच कळलं. त्या म्हणाल्या, दूध साकळलंय, मी मोडते. तेल लावून त्यांनी अंगठ्यानं इतकं रगडलं की डोळ्यांपुढं काजवे चमकले, वरून फणीही फिरवली. गाठ मोडली नाही, वर कातडी लाल झाली. आईसाहेब आल्या, त्यांनी जमनाबाईंना थांबवलं आणि मला एवढंच म्हणाल्या, 'त्याच बाजूला पाजत राहा. बाळाच्या तोंडासारखं औषध नाही. मला यशराजच्या वेळी दोनदा झालं होतं.'

ताई, औषध घरातच होतं. तिसऱ्या दिवशीच हाती आलं होतं. पण मला वाटलं, यांना काय माहीत माझ्या आईचं? यांना वाटतंय दुधाचं आहे. आईलाही तसंच वाटलं होतं. मी 'हो' म्हटलं, भिंतीकडे तोंड केलं, पदराखाली शिवांगीला डावीकडे घेतल्यासारखं केलं आणि उजवीकडेच पाजलं. आईसाहेब दारातून बघायच्या आणि समाधानानं निघून जायच्या. चार दिवस मी त्यांना असं फसवलं.

उतरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या दिवशी सगळं घर गच्चीवर. तुला माहीत आहे इथलं उतरायण, सकाळपासून प्रत्येक गच्चीवर पतंग, कर्णे, कुणाचा कापला की 'काप्यो छे'चा कल्ला. मी खाली, दार लोटून, लेकीला घेऊन. दहाच्या सुमाराला थंडी वाजायला लागली. दोन गोधड्या घेतल्या तरी दात वाजत होते. मग अंग भाजायला लागलं. ब्लाउज सोडून पाहिलं तर काखेपासून आतवर कलिंगडाच्या फोडीसारखा लालभडक पट्टा, हात लावला तर चटका बसावा असा. मी मनाशी धरलं की आता फार दिवस नाहीत. आणि मला रडू आलं नाही, ताई, मी हिशोबी झाले. कपाटातून कागद काढला आणि तुला लिहायला बसले. शिवांगीला तू सांभाळ, शर्वरीची झबली तुझ्याकडे असतील तर काढून ठेव, लेकीला सांगू नकोस की मी कशानं गेले. तेही लिहिलं, बघ. मीही तेच करायला निघाले होते.

शिवांगी रडत होती. उजवीकडे आता काही उरलं नव्हतं, ती ओढायची आणि किंचाळायची. गच्चीवरच्या कल्ल्यात ते वर कसं ऐकू गेलं देव जाणे, की आईसाहेब तीळगूळ न्यायला म्हणून खाली आल्या ते नशीब. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला आणि तो तिथंच राहिला.

"कधीपासून?"

मी म्हटलं, आत्ताच.

"छाती दाखव."

मी पदर घट्ट धरून ठेवला. त्यांनी हात पुढं केला, मी तो अडवला. सासूचा हात अडवला मी. त्या खाली बसल्या, रागावल्या नाहीत, म्हणाल्या, "नयना, काय लपवतेस?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "माझी आई विषमज्वरानं गेली नाही."

सगळं सांगितलं. गाठ, सहा महिने, मोरी, तू सांगितलेलं, मी मान हलवलेली. वर कुणाचा तरी पतंग कापला गेला आणि सगळी गल्ली ओरडली. आईसाहेब जमिनीकडे बघत होत्या. मला वाटलं आता उठतील आणि मामंजींना हाक मारतील, माझ्या बहिणीनं फसवून लग्न लावलं म्हणतील. त्या उठल्या, शिवांगीला शालीत गुंडाळलं आणि म्हणाल्या, "ते मागाहून बघू. आधी हा ताप." जिन्यात जाऊन त्यांनी यशराजांना इतक्या मोठ्यानं हाक मारली की शेजारची गच्ची गप्प झाली.

दवाखाने बंद होते. दुसऱ्या दिवशीचं वासी उतरायण धरून दोन दिवस बंद. पण लहरीपुऱ्याच्या दरवाजाजवळ हंसाबेन डॉक्टर दवाखान्याच्या वरच राहतात, बाळंतपण त्यांनीच केलं होतं. यशराजांनी कुठून तरी रिक्षा आणली. रिक्षावाल्याचं लक्ष अर्धं रस्त्यावर, अर्धं आभाळात. रस्त्यात आडवा मांजा येई, म्हणून यशराज पुढं बसून हातानं तो बाजूला करत होते. हंसाबेन गच्चीवरून उतरल्या त्या बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या, पतंग उडवत होत्या त्याच. हात धुऊन आल्या, मला टेबलावर घेतलं. मी डोळे मिटले. मला विचारायचं होतं आणि तोंड उघडेना. तेव्हा आईसाहेबच म्हणाल्या, स्वच्छ, मोठ्यानं, "हिच्या आईला छातीचा कॅन्सर होता. हिला तीच भीती आहे."

तो शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला आमच्या आईबद्दल उच्चारताना ऐकला. छत कोसळलं नाही.

हंसाबेन हसल्या नाहीत. त्यांनी बोटांच्या पेरांनी सगळीकडे हळू तपासलं, काखेतही. मग विचारलं, या बाजूला बाळ कधीपासून प्यायलं नाही? आईसाहेब म्हणाल्या, रोज पिते की. मी म्हटलं, पाच दिवस झाले. आईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही.

डॉक्टर गुजरातीतच बोलतात, पण तुला मराठीत सांगते. त्या म्हणाल्या, दुधाची वाट एका जागी बंद झाली, ती बाळानं ओढून उघडली असती. तू दूध कोंडून ठेवलंस, वरून रगडून घेतलंस, म्हणून आता तिथं सूज आणि जंतू. 'धवडाववानुं बंध नथी करवानुं', पाजणं थांबवायचं नाही. या दुधानं बाळाला काही होत नाही. दुखऱ्या बाजूनं सुरुवात कर. पाजण्याआधी थोडा वेळ ऊन फडकं, पाजून झाल्यावर गार. बाळाला असं धर की त्याची हनुवटी गाठीकडे येईल, दर वेळी एकाच कुशीवर नको. ती ओढत नसेल तर हातानं हळू काढ. रगडायचं नाही, फणी नाही, घट्ट कपडा नाही. पाणी पी, झोप. दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि सांगितलं, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. पू धरला तर काढावा लागेल, दोन दिवसांत ताप उतरला नाही तर तशीच ये, दार वाजव. मग माझ्याजवळ बसून म्हणाल्या, "तुझी भीती वेडेपणाची नाही. म्हणून मी नुसतं 'काही नाही' म्हणून पाठवणार नाही. ही गाठ गेली पाहिजे. सगळं उतरलं की मी पुन्हा हात लावून बघीन. उरली, तर सुई घालून तपासू. पण न बघता ठरवायचं नाही, इकडचंही नाही आणि तिकडचंही नाही."

घरी आल्यावर पहिल्यांदा डावीकडे घेतलं तेव्हा उशीचं टोक दातांत धरलं होतं. आईसाहेबांनी शिवांगीचं नाक साफ केलं, तिला माझ्या काखेखालून, पाय मागं करून धरलं, तसं हंसाबेननी दाखवलं होतं. बाळ ओढायला लागलं आणि सुरीनं चिरल्यासारखी कळ थेट पाठीत गेली. सोडवा म्हणून मी ओरडले. आईसाहेब म्हणाल्या, "मोज. वीसपर्यंत मोज, मग सोडवते." अकराला कळ कमी झाली. त्यांनी दर दोन-तीन तासांनी असं मोजून घेतलं.

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. लाली फिकी झाली. पण गाठ होती. चौथ्या दिवशी होती, पाचव्या दिवशी होती. घरातल्यांना वाटलं सुटलो, आणि माझी खरी भीती तिथं सुरू झाली. ताप होता तोवर निदान दुधाचं म्हणता येत होतं. ताप गेला आणि गाठ राहिली, मग ती कसली? मी सारखी बोटानं बघायची, पाजून झालं की, जेवताना, कुणी बोलत असताना पदराआडून. आईसाहेबांनी शेवटी माझा हात धरून ठेवला. म्हणाल्या, दिवसातून एकदा, सकाळी, आणि मी बघणार. त्याही बघायच्या आणि काही न बोलता सोडायच्या, आणि त्यांचा चेहरा मला वाचता यायचा नाही. हंसाबेननी सुईचा दिवस पंधरवड्यानंतरचा ठरवून ठेवला. मी देवाला काय काय बोलले ते लिहीत नाही. दहाव्या सकाळी आईसाहेबांनी चाचपलं, पुन्हा चाचपलं, बाजू बदलून पाहिलं आणि माझाच हात घेऊन तिथं ठेवला. मऊ होतं. काही नव्हतं. तरी ठरल्या दिवशी गेलो, डॉक्टरांनी हातानं बघितलं, सोनोग्राफी करून घेतली. स्वच्छ आली.

हे सगळं छान संपलं असं वाटून घेऊ नकोस. आईसाहेब त्यानंतर महिनाभर माझ्याशी कामापुरतंच बोलल्या. एक दिवस लाडूसाठी खोबरं किसताना म्हणाल्या, "तुझ्या बहिणीनं तेव्हा खरं सांगितलं असतं तर मी बहुतेक नाही म्हटलं असतं. खोटं कशाला बोलू?" मी किसलेलं खोबरं गोळा करत राहिले. "पण मला त्याचा राग नाही. तू माझ्या डोळ्यांसमोर चार दिवस पोरीला खोटं खोटं पाजलंस, आणि एकटी मरायची तयारी केलीस, त्याचा आहे. मी काय परकी होते?" मग किसणी माझ्याकडे सरकवून उठून गेल्या. त्यानंतर दर जानेवारीत त्याच मला हंसाबेनकडे तपासायला घेऊन जातात. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, मामंजींनाही. शिवांगी मोठी झाली की तिलाही सांगणार. तुला न विचारता मी आपलं गुपित फोडलं, ते तीन वर्षं तुझ्यापासून लपवलं. त्याची माफी मागते, पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा फोडीन.

आता जे लिहायला बसले ते लिहिते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी निघताना मी तुला मिठी मारली तेव्हा तू अंग चोरलंस, आणि तरी तुझ्या उजव्या काखेजवळ मला ते लागलं. तू माझ्याकडे पाहिलंस. तुला कळलं की मला कळलं. तू लगेच दाजींना म्हणालीस, चला, यांची गाडी चुकेल. आणि मी गाडीत बसले, ताई. हात हलवला. अठरा दिवस मी पुन्हा ती बारा वर्षांची मुलगी झाले आहे आणि माझा एकेक दिवस तुझ्या आयुष्यातून जातो आहे. ते काय आहे मला माहीत नाही. तुलाही नाही. घाबरू नकोस असं मी लिहिणार नाही, मी स्वतः इतकी घाबरले आहे की हे अक्षर तुला ओळखू येईल की नाही शंका आहे. सगळं आईसाहेबांना सांगितलं आहे, त्यांनीच सकाळी हंसाबेनकडे जाऊन गुरुवारी अकराची वेळ घेतली आणि पुढं लागलं तर कुठल्या सर्जनकडे जायचं तेही विचारून ठेवलं. हे पत्र सोमवारपर्यंत तुला मिळेल. मी मंगळवारी सुरतहून भुसावळच्या गाडीनं तुझ्या दारात येते. तोपर्यंत दाजींना सांग. नाही जमलं तर मी तुझ्याशेजारी बसून सांगेन. माझ्यावर रागाव, बोलू नकोस, गाडीत तोंड फिरवून बस, पण बुधवारी माझ्याबरोबर बडोद्याला चल. उत्तर लिहू नकोस. चार साड्या आणि समोरून उघडणारे ब्लाउज पिशवीत भरून ठेव.

तुझ्याच हाताखाली वाढलेली, तुझीच
नयना